मागच्या ओळीची फेरी

या पेजवरच्या भुताच्या गोष्टी मी तीन वर्षं वाचतोय. खोटी गोष्ट मला पहिल्या चार ओळींतच ओळखू येते. कारण खोटं लिहिण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही. का, ते पुढे कळेलच.

ही मात्र खरी आहे. बायकोमुलाची शपथ घेणार नाही, तेवढी माझी लायकी राहिलेली नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. दुपारचे पावणेतीन वाजले होते. पत्र्याला हात लावला तर फोड येईल, असं ऊन होतं.

मी बंदराजवळच्या एका यार्डात कामाला आहे. बोटीने परदेशी जाणारा गोठवलेला माल आमच्याकडे येऊन थांबतो. मासळी, मांस, वाटाणे, लोणी. ज्या कंटेनरमधून तो जातो त्याला आम्ही रीफर म्हणतो. चाळीस फुटी फ्रीजच समजा. बोट लागेपर्यंत त्याला विजेचा प्लग लावून ठेवायचा आणि दर चार तासांनी फेरी मारून प्रत्येकाचं तापमान कागदावर उतरवायचं. उणे अठरा असलं की माल सुखरूप.

हे काम मला माझ्या सासऱ्यांनी मिळवून दिलं. ते तिथे एकतीस वर्षं होते.

यार्डात त्यांना सगळे 'थर्मामीटर' म्हणायचे. डिस्प्लेवरचा आकडा बघायच्या आधी ते रीफरच्या दारावर तळहात आपटायचे. थप. मनात पाच मोजायचे आणि तापमान सांगायचे. फार तर अर्ध्या अंशाचा फरक. घरीसुद्धा कपाला हात लावून म्हणायचे, "थांबा जावईबापू, अजून दोन मिनिटं. जीभ भाजून घ्याल."

त्यांच्या उजव्या करंगळीला टोक नव्हतं. तरुणपणी रीफरच्या पंख्यात गेलं होतं.

एवढं लक्षात ठेवा.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "आकडा आधी डोळ्यांनी बघायचा, मग लिहायचा. बसल्या जागी ठोकून द्यायचा नाही."

मी बसल्या जागी ठोकून दिला.

सुट्ट्यांचा आठवडा होता, माणसं कमी होती. पुढच्या ओळी सासऱ्यांकडे, मागची माझ्याकडे. मागची ओळ लांब, वर लोखंडी जिना चढायचा. तीन दिवस मी तिकडे फिरकलोच नाही. केबिनमध्ये पंख्याखाली बसून आकडे लिहिले. उणे अठरा. उणे सतरा पूर्णांक नऊ. उणे अठरा पूर्णांक एक. खरे वाटावेत म्हणून थोडे वरखाली. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

चौथ्या दिवशी मागच्या ओळीतल्या शेवटच्या रीफरच्या दारातून पाणी ठिबकताना दिसलं.

मग वास आला...

प्लग निसटलेला होता. चोवीस टन मासळी आत सडली होती.

साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि कागद समोर टाकले. अक्षर माझं होतं.

सासरे माझ्या आधी बोलले. "मागची ओळ मी बघतो म्हणालो होतो, साहेब. आकडे मी सांगितले. यांनी फक्त उतरवून घेतले."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ते वाट बघत होते. पाच मोजायला लागतात, तेवढा वेळ.

माझी बायको तेव्हा आठव्या महिन्यात होती. हे कारण मी स्वतःला हजारदा देऊन बघितलंय. खरं कारण एवढंच, की मी घाबरलो. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. तोंडातून ब्र काढला नाही.

त्यांना त्याच दिवशी कायमचं घरी पाठवलं.

आठ महिन्यांनी ते गेले. नातवाला मांडीवर घेतलं, तेवढं एक सुख. घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. फक्त त्यानंतर त्यांनी कधी चहाच्या कपाला हात लावून बघितला नाही.

बायको मात्र वडिलांवर चिडली होती. "एकतीस वर्षांत कधी नाही, आणि शेवटी असा आळस कसा केला हो बाबांनी?"

मी म्हणालो, "वय झालं त्यांचं."

हे माझे शब्द आहेत. लिहितानासुद्धा मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

ते गेल्यावर वर्षभर मी प्रत्येक फेरी इमानाने मारली. आणि मग ती दुपार आली. ऊन होतं, पाय भरून आले होते. मी केबिनमध्ये टेकलो आणि मागच्या ओळीचे आकडे लिहायला घेतले.

हो. पुन्हा.

तिसरा आकडा लिहिताना जाणवलं, काहीतरी कमी आहे...

आवाज.

शंभर रीफर चालू असले की यार्ड सतत घुमत असतं. सवयीने ते ऐकू येत नाही. ते थांबल्यावरच कळतं.

वीज गेली असेल म्हणून वर बघितलं. केबिनचा पंखा गरगर फिरत होता.

पण त्याचाही आवाज येत नव्हता...

तेवढ्यात मागच्या ओळीकडून...

थप.

मग शांतता. पाच मोजण्याएवढी.

थप.

माझी पाचावर धारण बसली. पळून जायचं होतं, पण पाय तिकडेच निघाले. लोखंडी जिना चढलो. माझ्या बुटांचा एरवी खणखण आवाज होतो. तो झाला नाही.

पहिल्या रीफरच्या दारावर, भर उन्हात...

बर्फाचा तळहात उमटला होता.

पांढरा, खरखरीत. चार बोटं पूर्ण. करंगळीला टोक नव्हतं.

दुसऱ्या दारावर तसाच. तिसऱ्या दारावर तसाच. मी एकेका दारापुढून चालत राहिलो. डिस्प्ले बघत राहिलो. उणे अठरा. उणे अठरा. अख्ख्या ओळीची फेरी कोणीतरी माझ्याआधी मारली होती.

शेवटचा रीफर त्याच जागेवर उभा होता. ज्या जागेवर तो मासळीचा होता, तिथेच.

त्याच्या दारावर काहीच नव्हतं...

दिवा विझलेला होता. प्लग अर्धा बाहेर आलेला. बॅटरीवरच्या मीटरवर बघितलं, उणे अकरा. माल अजून वाचण्यासारखा होता.

प्लग बसवताना तीनदा चुकला. चौथ्यांदा बसला. दिवा लागला आणि त्याच क्षणी सगळं यार्ड पुन्हा घुमायला लागलं. मागे वळून बघितलं तर सगळी दारं कोरडी. एकावरही काही नाही.

मी पुन्हा प्लगकडे वळलो. आणि पाठीमागून माझ्या उजव्या खांद्यावर...

थप.

मागे कोणी नव्हतं.

मी मनात पाच मोजले. का मोजले, माहीत नाही.

संध्याकाळी घरी गेलो. बायकोने शर्ट धुवायला मागितला आणि सहज तिचा हात माझ्या खांद्याला लागला.

"अहो, इथे एवढं गार कसं?"

तिने तळहात तिथेच ठेवला. मुलाचा तापही ती अशीच बघते, हाताने. वडिलांची लेक. मग तिचा चेहरा बदलला.

"बाबांचा हात असाच असायचा," ती म्हणाली. "ड्यूटीवरून आल्या आल्या गालाला लावायचे." तिचे डोळे भरून आले. "अहो, खरं सांगा. बाबांनी खरंच फेरी चुकवली असेल का हो?"

तीही वाट बघत होती. तसंच माझ्या तोंडाकडे बघत.

मी म्हणालो, "साहेबांच्या केबिनमध्ये एसीखाली बसलो होतो. म्हणून गार लागतंय."

या गोष्टीला अकरा महिने झाले. आता मी एकही फेरी चुकवत नाही. पण खांद्यावरची ती तळहाताएवढी जागा अजून गरम झालेली नाही. डॉक्टर हसले आणि मालिशचं तेल लिहून दिलं. बायको रोज झोपायच्या आधी ते चोळते. चोळता चोळता मधेच थांबते. मग हात काढून घेते.

ती या पेजवरच्या गोष्टी वाचत नाही. तिला भुताची भीती वाटते.

म्हणून तर इथे लिहिलं.

आत्ता ती पलीकडच्या खोलीत मुलाला भरवतेय. मघाशी तिथूनच तिने विचारलं, "अहो, एवढं काय लिहिताय?"

"काही नाही," म्हणालो.

खांदा आणखी गार पडलाय...