उघडी राहिलेली फाइल

सासऱ्यांच्या आवाजाची फाइल उघडून द्यायची, एवढंच काम होतं. रविवारची दुपार, जेवणं आटोपलेली, आणि मला वाटत होतं की चहाच्या वेळेआत घरी परतू. मी कॉलेजात सी ही संगणकाची भाषा शिकवते. फाइल उघडण्याचा धडा मला झोपेतही शिकवता येतो, आणि मुलं तो झोपेतच ऐकतात.

सासरे टेलिफोन एक्सचेंजात होते. आईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, नजर गेली तेव्हा त्यांनी घरच्या संगणकावर स्वतःच एक प्रोग्राम लिहिला. माइकसमोर बोलायचं आणि आवाज थेट फाइलमध्ये. रोज कामावर निघण्याआधी ते आईंना न दिसणारं सगळं सांगून ठेवत. खिडकीबाहेर काय चाललंय, भिंतीवरची ओल कुठवर चढली, धाकट्याने आज कोणता विटका शर्ट घातलाय. आई दिवसभर ते ऐकत बसायच्या. ते वारले आणि संगणकावर चादर पडली ती पडलीच. मग मागच्या आठवड्यात आईंनी माझा हात धरला.

"मला त्यांचा आवाज आठवेनासा झालाय गं. काय काय बोलायचे ते सगळं आठवतं. आवाज नाही आठवत."

त्या कधी कुणाकडे काही मागत नाहीत. रविवारी येते, म्हटलं.

सीमध्ये फाइल उघडणं म्हणजे टाकीला नळ जोडणं. ‘एफओपन’ म्हटलं की फाइलपासून आपल्या प्रोग्रामपर्यंत एक प्रवाह सुरू होतो आणि आतलं सगळं ओळीने वाहत येतं. कशासाठी उघडतोय ते एका अक्षराने सांगायचं. आर म्हणजे नुसतं वाचायला. ए म्हणजे आहे त्याच्या शेवटी भर घालायला. सासरे हेच वापरायचे. आणि डब्ल्यू म्हणजे नव्याने लिहायला. हा डब्ल्यू मोठा निर्दय आहे. तो फाइल उघडतानाच आतलं सगळं पुसून टाकतो, विचारत नाही, सावरूही देत नाही. उघडता आली नाही तर ‘नल’ मिळतं, म्हणजे हातात भोपळा.

मी आर लिहिला. नल.

कारण विचारलं तर संगणक म्हणाला, फाइल वापरात आहे. कुणाच्या वापरात? घरात इंटरनेट नाही. मी एकेक प्रोग्राम बंद केला. नल. संगणक बंद करून चालू केला. नल. फाइलची नक्कल काढायला गेले, तर तेच उत्तर. पुन्हा बंद, पुन्हा चालू, आणि तो जुना पंखा घरघरत तापलेल्या धुळीचा वास खोलीभर सोडत होता. माझी मान आखडली. त्यात दीर, म्हणजे तो धाकटा, मागे उभा. नवरा परगावी, म्हणून मदतीला हा. मोबाइलच्या दुकानात काम करतो, म्हणजे उंटावरचा शहाणा.

"वहिनी, व्हायरस असेल."

"नाहीये."

"वहिनी, केबल काढून फुंकर मारू?"

"भाऊजी, तुम्ही स्वतःच्या तोंडावर मारा."

आई टेबलाला लागूनच, खिडकीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. मधूनच विचारायच्या, "लागलं का गं?" आणि मी "होतंय, आई" म्हणायचे. माझा आवाज दर वेळी जरा जास्त चिडका येत होता, आणि त्याची लाज वाटून मी आणखी चिडत होते. साधी एक फाइल! पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ह्यासाठी बोल लावते. सासऱ्यांचा तो प्रोग्राम चालू आहे का तेही शोधलं. नव्हता. माइक तर खणात वायर गुंडाळून पडला होता. तरीही कुणीतरी फाइल उघडून, धरून बसलं होतं.

नवऱ्याचा फोन आला म्हणून मी बाहेर गेले. परत आले तर दीर माझ्या खुर्चीत, चेहऱ्यावर विजय.

"उघडली वहिनी! मी फक्त त्या आरच्या जागी डब्ल्यू टाकला. म्हटलं, एक अक्षर चालत नाही तर दुसरं बघू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याला बाजूला ढकललं आणि पाहिलं. फाइलचा आकार शून्य. ती सगळी वर्षं, त्या खिडक्या, ते शर्ट, ती ओल, सगळं शून्य. दुपारभर मला उंबऱ्यावर उभं केलेल्या फाइलने ह्याला पहिल्याच हाकेला आत घेतलं होतं... पुसायला.

"काय झालं गं?" आईंनी विचारलं.

दिराला एव्हाना कळलं होतं. तो पांढरा पडला. मला रडू फुटणार होतं. अंध माणसाच्या हातातली काठी आम्ही दोघांनी मोडली होती, आणि आता ते त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं?

"वहिनी..." तो पुटपुटला. "शून्य नाहीये."

नव्हतंच. आकडा बदलला होता. मी पाहत असताना पुन्हा बदलला, आणि मग वाढतच गेला, सावकाश, कुणी बोलत असावं तसा.

मी आर लिहिला. पहिल्या झटक्यात उघडली.

स्पीकर खरखरला. मग घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि आई खुर्चीत ताठ झाल्या.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच गं..."

सासऱ्यांचा आवाज. तोच संथ, प्रत्येक वाक्याआधी थांबणारा. "आज तू स्वेटर उलटा घातलायस. शिवण बाहेर आलीय."

मी वळून पाहिलं. करड्या स्वेटरची शिवण बाहेर होती. आई हसत होत्या, गालांवरून पाणी वाहत होतं. एक क्षण, खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

"धाकटा दाराशी उभा आहे. नखं खातोय." दारापर्यंत मागे सरकलेल्या दिराने झटकन हात खाली घेतला. "सूनबाई वायर ओढणार... तिचा हात थरथरतोय."

माझा हात तेव्हा टेबलावर होता. मी वायरला शिवलेही नव्हते. पण ते ऐकलं आणि हात आपोआप तिकडे गेला. थरथरतच. आईंनी चाहुलीने माझं मनगट पकडलं.

"थांब. बोलू दे त्यांना."

"आई, हे बरोबर नाहीये..."

"बोलू दे म्हणते ना."

माझा प्रोग्राम फाइलचा शेवट आला की थांबणार होता. शेवट येत नव्हता. आम्ही वाचत होतो आणि पलीकडून कुणीतरी लिहीत होतं, आणि लिहिणारा आमच्या पुढे होता. आधी थोडाच, मग आणखी. आवाज म्हणाला, खाली दार आपटलं. आपटलं ते नंतर. तो म्हणाला, धाकटा पाणी आणायला गेला. दीर अजून दारातच होता, आणि ऐकूनही हलत नव्हता.

"आता उजेड उतरलाय," सासरे म्हणाले. "सूनबाई जमिनीवर बसलीय. धाकटा रडतोय. शेजारचे आलेत. खुर्ची रिकामी आहे."

खुर्चीत आई होत्या. माझं मनगट त्यांच्या मुठीत होतं, घट्ट, ऊबदार. मी खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरून ठेवले. अजून खिडकीत चांगलं ऊन होतं.

मग त्या आवाजाच्या अगदी जवळून एक बाई हसली.

"पडदा हिरवा आहे की!" ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."

हिरवा पडदा मी परवाच आणून लावला होता. रंगाचं कुणीच बोललं नव्हतं, आईंना रंगाचं काय सांगायचं म्हणून. आणि तो हसरा, किंचित चिरका आवाज मी रोज फोनवर ऐकते.

आईंनी मान कलती केली. स्वतःचा आवाज असा बाहेरून कधी कुणी ऐकतं का? त्यांची मूठ आणखी आवळली, आणि थोड्या रागाने, थोड्या कुतूहलाने त्यांनी मला विचारलं,

"ह्यांच्याबरोबर ही कोण बाई बोलते गं?"