दोन कुलपांचा मसावि

कागद नर्सांच्या कपडे बदलायच्या खोलीत, आरशावर चिकटवलेला होता. चारी कोपऱ्यांना जखमेवर लावतात ती पांढरी चिकटपट्टी. लावणाऱ्याला घाई नव्हती. प्रत्येक कोपरा अंगठ्याने दाबून सपाट बसवला होता.

सकाळच्या ड्युटीवर आलेल्या नर्सा केस बांधायला आरशापुढे उभ्या राहिल्या आणि वाचू लागल्या. मागून ऑपरेशन थिएटरातली सगळ्यांत धाकटी नर्स आली. या गप्प का झाल्या, म्हणून तिने त्यांच्या खांद्यांवरून डोकावून पाहिलं.

दवाखान्याच्या ऑनलाइन तक्रारपेटीत तिने पाठवलेलंच पत्र होतं. थिएटरात मोठे सर्जन तिच्याशी कसे वागले, हे तिने आजवर कुणाला तोंडाने सांगितलं नव्हतं. ते इथं, कंगव्यांच्या आणि पिनांच्या वर, टपोऱ्या अक्षरांत छापलेलं होतं.

तिने पिशवी उचलली आणि घरी गेली.

थोड्या वेळाने तिच्या थोरल्या बहिणीने पोलिसांना फोन केला. ती बोलत होती आणि मागे कुणीतरी ओकत होतं.

"गुप्त तक्रारपेटी म्हणतात ना हिला? मग गुपित आरशावर कसं लागलं?" तिने विचारलं.

हा फोन ज्यांनी घेतला त्यांना चौकीत सगळे 'गणितबाई' म्हणत. पोलिसांत येण्याआधी त्या कॉलेजात गणित शिकवायच्या. आता कॉम्प्युटरच्या गुन्ह्यांची शाखा त्यांच्याकडे होती. रोज माणसांची घाण उपसायची, असं त्या स्वतःच म्हणायच्या.

दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी आधी तो कागद पाहिला. मजकूर एकाच पानाचा होता आणि शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटलं होतं. 'त्या दिवसापासून मला' एवढंच. पुढे पान संपलं.

मग गणितबाई नर्सांच्या प्रमुख, मेट्रनबाई, यांच्या खोलीत गेल्या. निवृत्तीला आलेल्या, सडपातळ, कडक इस्त्रीच्या मेट्रनबाई ताठ बसून होत्या. समोरचा चहा साय धरून गार झाला होता.

"तक्रारी उघडायची किल्ली कुणाकडे असते?"

"एकट्या माझ्याकडे." मेट्रनबाईंनी गळ्यातला काळा दोरा ओढून दाखवला. त्याला बोटाएवढा पेनड्राइव्ह लटकत होता. "आंघोळीलाही काढत नाही, पिशवीत गुंडाळते. म्हणजे चोर मीच, नाही का? सकाळपासून एकही पोरगी माझ्या डोळ्याला डोळा देत नाहीये."

"नक्कल?"

"नाही. माझ्या भाच्याने बजावलंय, नक्कल ठेवायची नाही म्हणून. किल्ली त्याच्याच प्रोग्रामने बनली, पण माझ्या मशीनवर, सगळ्यांसमोर. त्या वेळी तो दारात उभा होता. कीबोर्डला हातसुद्धा लावला नाही त्याने."

भाचा म्हणजे दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागाचा प्रमुख. बहीण वारल्यावर मेट्रनबाईंनी त्याला लहानाचा मोठा केला होता. त्या त्याला 'राजा' म्हणत.

"त्याला भेटा," त्या म्हणाल्या. "माझ्यापेक्षा नीट सांगेल तो."

राजाची खोली तळघरात होती. एसीची गार हवा आणि शिळ्या बिस्किटांचा वास. तो खुर्चीत रेलून, काडीने कीबोर्डच्या फटींतला मळ काढत होता. काढलेला मळ पँटला पुसत होता. गणितबाईंनी तिकडे बघायचं टाळलं.

"बसा ना मॅडम. कुलूप सोप्या भाषेत सांगतो," तो म्हणाला. "दोन मूळ संख्या घ्यायच्या. एकेक अशी लांबलचक, की लिहायला आख्खं पान लागेल. त्यांचा गुणाकार करायचा. तो गुणाकार जगजाहीर. दवाखान्याच्या पानावर टाकलाय, कुणीही बघावा. तेच कुलूप. त्याने तक्रार बंद कुणालाही करता येते. उघडायला मात्र आतल्या दोन मूळ संख्या ठाऊक हव्यात. त्या फक्त मावशीच्या गळ्यात."

"आणि गुणाकारावरून मागे जाऊन अवयव पाडले तर?"

"पाडा की!" तो हसला. "गुणणं सोपं, फोडणं महाकठीण. जगातली सगळी मशिनं जुंपलीत तरी आपल्या नातवंडांची हयात जाईल."

"बंद केलेल्या तक्रारी कुठं राहतात?"

"फळ्यावर. म्हणजे त्याच पानावर. बंद अवस्थेत सगळ्यांना दिसतात, वाचता कुणालाच येत नाहीत. एकदा आलेली तक्रार फळ्यावरून पुसता येत नाही, मलाही नाही. उद्या कुणी दाबून टाकली असं व्हायला नको ना."

"मग हे पत्र फुटलं कसं?"

त्याने मान हलवली. चेहरा पाडला. "मावशीच. दुसरं कोण? वय झालंय तिचं, कुणापाशी तरी बोलून गेली असेल. त्या पोरीचं वाईट वाटतं हो. डबा उघडला तरी रबराचा वास येतो म्हणे तिला. माणसाने जेवायचं तरी कसं?"

मावशीवर एवढ्या चटकन बोट ठेवलं, हेच गणितबाईंना आधी खटकलं.

दुपारी त्या धाकट्या नर्सच्या घरी गेल्या. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. थोरली बहीण उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत होती.

"तुला पुन्हा सगळं सांगायला लावणार नाही," गणितबाई म्हणाल्या. "एवढंच सांग, आरशावरचं पत्र तू पाठवलेलंच होतं?"

"हो. पण ते पहिलं." मुलगी भिंतीशीच बोलली. "ते मी मागे घेतलं होतं. दुसरं लिहिलं, लहान. मेट्रनबाईंना दुसरंच मिळालं. मागे घेतलेलं फळ्यावर राहतं, पण त्यांच्याकडे जातच नाही, तसा नियम आहे."

"मागे का घेतलंस?"

बहीण म्हणाली, "सांग गं बाळा."

"शेवटी एक गोष्ट लिहिली होती. ती वाचून वेडी म्हणतील असं वाटलं."

"आरशावर वाक्य तुटलंय. 'त्या दिवसापासून मला'. पुढे काय होतं?"

मुलगी आता वळली. डोळे कोरडे, ओठ सोललेले.

"त्यांनी हातमोजे काढले नव्हते, मॅडम. तेव्हा. त्या दिवसापासून मला... डबा उघडला तरी रबराचा वास येतो. पोळीला, भाताला, सगळ्याला."

"हे कुणाला बोलली होतीस?"

"कुण्णाला नाही."

"मलाही नाही," बहीण पुटपुटली आणि तिने पदराने तोंड दाबून धरलं.

बाहेर येऊन गणितबाई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. कोण, ते आता कळलं होतं. पण एका वाक्यावर कोर्ट कुणाला धरत नाही. 'मावशीने सांगितलं' म्हणाला की सुटला. कुलूप उघडलं कसं, ते दाखवायला हवं होतं.

दवाखान्यात परतून त्यांनी मेट्रनबाईंच्या मशीनवर तपासलं. पहिलं पत्र तिथं कधी आलेलंच नव्हतं. दुसऱ्यात डब्याचा उल्लेख नव्हता. ज्या मजकुराचा गळ्यातल्या किल्लीशी कधी संबंधच आला नाही, तो कुणीतरी सरळ फळ्यावरून उचलून उघडला होता.

"असं दुसरं कुलूप आहे का कुठं?" त्यांनी विचारलं.

"हॉस्टेलच्या वॉर्डनबाईंकडे आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "नर्सिंग शिकणाऱ्या मुली तिथं राहतात. त्यांच्या तक्रारींची पेटी वेगळी. तीही राजानेच बसवून दिली, माझ्यानंतर वर्षभराने. त्यांच्या मशीनवर."

गणितबाईंनी दवाखान्याच्या पानावरून दोन्ही कुलपं उतरवून घेतली. दोन अवाढव्य गुणाकार. लॅपटॉपवर चार ओळी लिहिल्या आणि बटण दाबलं.

उत्तर लगेच आलं. त्याकडे बघताना त्यांचा चेहरा असा झाला, की मेट्रनबाईंनी विचारलं, "बरं नाही का वाटत?"

"नाही वाटत. शाळेत मसावि शिकला होतात?"

"महत्तम साधारण विभाजक. दोन संख्यांना भाग जाईल असा सगळ्यांत मोठा आकडा. पण त्याचं इथं काय?"

"एक मोठी संख्या फोडायला जन्म जातात. पण दोन मोठ्या संख्यांचा मसावि काढायला क्षण लागतो. मोठीला लहानने भागायचं, उरलेल्या बाकीने लहानला भागायचं, असं करत जायचं. आता बघा. तुमच्या कुलपात दोन मूळ संख्या, वॉर्डनबाईंच्या कुलपात दोन. चारही वेगळ्या असत्या तर मसावि एक आला असता. तो एक आलेला नाही. दोन्ही कुलपांत एक मूळ संख्या सारखीच आहे."

"योगायोग असेल."

"अशा मूळ संख्या इतक्या आहेत, की पृथ्वीवरच्या वाळूचे कण त्यापुढे किरकोळ. दोन बायकांनी दोन मशीनवर, वर्षभराच्या अंतराने उचललेला कण तोच निघाला? तुमचं जुनं मशीन तेच आहे ना? तो प्रोग्राम दाखवा मला."

प्रोग्राम होता. गणितबाईंनी तो वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि लॅपटॉप मिटून खाली तळघराकडे निघाल्या. मेट्रनबाई मागोमाग आल्या. 'तुम्ही थांबा' म्हणायची गणितबाईंना हिंमत झाली नाही. दोन शिपाई दाराशी उभे राहिले.

"काय, सापडलं काही?" राजाने विचारलं. तोंडात बिस्कीट होतं.

"मसावि सापडला."

चावणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. "अरे बापरे. सारखी मूळ संख्या आली? होतं असं. मशीन नवं असेल तर आकडे निवडायची सुरुवात सारखी होते. अपघात. मग काय, जगातला कुणीही उघडू शकतो."

"अपघात दोन नव्या मशिनांचा होतो. तुमच्या मावशीचं मशीन तेव्हाच जुनं होतं. आणि तुमच्या प्रोग्राममध्ये एकच मूळ संख्या नव्याने शोधली जाते. दुसरी आत आधीच लिहून ठेवलेली आहे. म्हणून कीबोर्डला हात लावायची गरज पडली नाही, दारात उभं राहून भागलं. नंतर जाहीर गुणाकाराला आपल्या संख्येने भागलं, की दुसरीही हातात. एका भागाकारात मावशीची किल्ली तुमची."

"कुणीतरी माझा प्रोग्राम बदलला असेल."

"दुसऱ्या पेटीसाठी नवी संख्या शोधायचा तुम्ही कंटाळा केलात. तीच पुन्हा घातलीत. वेगळी घातली असती तर मसावि एक आला असता आणि मी तो प्रोग्राम उघडलाही नसता."

"पुरावा काय, की मी वाचलं?"

"डबा."

त्याला कळलं नाही.

"आरशावर एकच पान होतं. वाक्य तुटलेलं. दुसऱ्या पत्रात ती गोष्ट नाही. मुलीने ती सख्ख्या बहिणीला सांगितलेली नाही. तुम्ही मला सकाळी इथंच, काडीने मळ काढता काढता सांगितलीत. डबा उघडला तरी रबराचा वास येतो. हे एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं, राजा. मागे घेतलेल्या पत्राच्या दुसऱ्या पानावर. ते मावशीपर्यंत कधी पोचलंच नाही."

"चिकटवलं मी नाही," तो एकदम म्हणाला. "ते साहेबांनी. सर्जनसाहेबांनी. ही जागा मला त्यांनीच दिली होती. मी फक्त कळवलं, की तुमच्यावर तक्रार आलीय. छापून दे म्हणाले, पोरगी आपोआप जाईल. बायकांच्या खोलीत पहाटे तेच गेले. माझ्या फोनवर आहे सगळं, बघा."

"आणि बाकीच्या तक्रारी? हॉस्टेलच्या? त्या कुणी मागितल्या होत्या?"

त्याने पुन्हा काडी उचलली.

"कधीपासून वाचताय?"

"पहिल्यापासून." मग त्याने खांदे उडवले. "मी काय कुणाला हात लावला का? वाचलं फक्त. संध्याकाळी काम संपल्यावर. टीव्ही बघतात लोक, तसं."

गणितबाईंनी आजवर पुष्कळ चोर पाहिले होते. काहींची कीव आली होती, काहींची अक्कल आवडली होती. या माणसाकडे बघून मात्र त्यांना आपले हात साबणाने धुवावेसे वाटले.

मेट्रनबाई पुढे झाल्या. तो उठला. "मावशी, तू तरी समजून घे—"

त्यांनी त्याच्या ओठाला लागलेला बिस्किटाचा चुरा पाहिला. हात वर आला. लहानपणापासून त्यांनी असंच त्याचं तोंड पुसलं असेल. हात अर्ध्यातच थांबला आणि खाली आला.

"मला मावशी म्हणू नकोस," त्या म्हणाल्या. "घेऊन जा याला."

सर्जनला थिएटराच्या बाहेर, हिरव्या कपड्यांतच ताब्यात घेतलं. तो आवाज चढवून पदव्या सांगत राहिला. नर्सा दोन्ही बाजूंना उभ्या होत्या. एकीनेही त्याच्यासाठी दार धरलं नाही.

संध्याकाळी गणितबाई निघाल्या, तेव्हा मेट्रनबाईंच्या खोलीचं दार उघडं होतं. धाकट्या नर्सच्या बहिणीशी त्यांचं नुकतंच बोलणं झालं होतं. फोन अजून हातातच होता.

"झोपलीय म्हणे," त्या म्हणाल्या. "मॅडम, बाकीच्यांचं काय? कितीजणींनी मला लिहिलं. कुणाची नोकरी सुटली, कुणाचं लग्न झालं. त्यांना वाटतंय, ते फक्त माझ्यापाशी आहे."

"कळवायची जबाबदारी आमची. पत्रं जातील ऑफिसातून."

"पत्रं?" मेट्रनबाईंनी मान हलवली. "माझ्यावर विश्वास टाकून लिहिलं त्यांनी. मग हेही माझ्याच तोंडून ऐकायला हवं. शिव्या देतील त्या. देऊ देत."

गणितबाई आत आल्या आणि समोरच्या खुर्चीत बसल्या.

मेट्रनबाईंनी पहिला नंबर लावला. पलीकडे कुणीतरी हॅलो म्हणालं, मागे लहान मूल रडत होतं. मेट्रनबाईंनी डोळे मिटले.

"मी मेट्रन बोलतेय. दवाखान्यातली. बाळाला कुणाकडे तरी दे आणि जरा बस गं. तू मला लिहिलं होतंस ना, ते माझ्याशिवाय आणखी एकाने वाचलंय. तो माझ्याच घरात वाढला."