फुटवा येईपर्यंत

“पाणी घालताना बोलायचं नाही, बाळ. झाडाचं पिऊन होऊ दे, मग काय ते बोल.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. पण सकाळी मी बादली उचलली, की हा आवाज माझ्या आधी उतारावर पोचलेला असतो. बाबा उद्यान विभागात माळी होते. जाण्याच्या आदल्या वर्षी त्यांनी नदीकडच्या उतारावर, जुन्या पायऱ्यांच्या तोंडाशी एक अंजीर लावलं. त्याच विभागात आता मी देखरेखीला आहे. आणि माझा नेम ठरलेला – उठायचं, देवापुढे हात जोडायचे, अंजिराला दोन बादल्या पाणी घालायचं, आणि तोवर तोंडातून शब्द काढायचा नाही. आई म्हणते, घराला तेवढाच काय तो निवांतपणा.

तर त्या दिवशी पहिली बादली अर्धी झाली होती, आणि मागून कुणीतरी माझा स्वेटर ओढला.

वळून बघते तर पांढरी दाढी, पिवळे डोळे, आणि तोंडात माझ्या स्वेटरचं बटण. शेळी!

“घाबरू नका हो, ती चावत नाही. नुसती चव घेते.”

तिच्यामागून एक उंच, उन्हानं रापलेला तरुण आला. खांद्यावर जाळीचं भेंडोळं, पायाशी काळी कुत्री. हसला तेव्हा डोळे आधी हसले, ओठ मागाहून.

“उद्यान विभागाचा उतार हाच ना? झुडपं खायला बोलावलंय आम्हाला. म्हणजे… यांना.”

मी मान हलवली.

“इथं कोणी मॅडम आहेत म्हणे. फार कडक आहेत म्हणतात. कुठं भेटतील?”

मी बादलीवर डोळे खिळवले. पाणी कसं हळू, कसं हळू पडत होतं…

“ओह…” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. “माफ करा हं. माझ्या लक्षातच आलं नाही.” आणि तो चक्क खुणांनी बोलायला लागला! डोक्यावर दोन बोटं धरून शिंगं केली, मग दहा बोटं चार वेळा उघडली, मग उताराकडे हात करून जबडा हलवला – चाळीस शेळ्या, सगळा उतार, फस्त.

हसू दाबता दाबता अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं. कशीबशी दुसरी बादली रिकामी केली, हात पुसले आणि म्हटलं, “चाळीस शेळ्या, एक कुत्री आणि जाळीचं कुंपण. पत्र मीच पाठवलं होतं. कडक मॅडम मीच.”

तो तसाच उभा. डोक्यावर शिंगं.

“शिंगं काढा आता,” मी म्हटलं. “कळप कुठला आणि मालक कुठला, कळत नाहीये.”

त्या उताराची गोष्ट सांगायलाच हवी. नऊ वर्षं काटेरी झुडपं आणि वेली माजून पायऱ्या पार गडप झाल्या होत्या. गवत कापायचं यंत्र नेलं, ते घसरून नदीत गेलं. माणसं उतरवली, एकाचा घोटा मोडला. मग अधीक्षक साहेब म्हणाले, औषध मारून सगळं जाळून टाकू. उताराच्या पायथ्याशी नदी, आणि पलीकडची वस्ती तेच पाणी पिते. मी साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून राहून शेवटी एक महिना मिळवला होता. महिन्याभरात शेळ्यांनी करून दाखवलं तर ठीक, नाहीतर फवारणी.

आणि काय सांगू, त्यांनी करून दाखवायला सुरुवात केली! मी रोज बघत बसे. जिथं माणसाचं पाऊल ठरत नव्हतं, तिथं त्या दोन इंच दगडावर चार पाय जुळवून उभ्या राहत. मागच्या पायांवर उभं राहून वरचे कोवळे शेंडे आधी खात, मग पानं. दोन काट्यांच्या मधलं पान ओठांनी असं अलगद काढत, की सुईत दोरा ओवणाऱ्यानं शिकावं. दुपारी सावलीत ओळीनं बसून रवंथ. रोज खोलीभर जागा मोकळी होई, आणि वर्षानुवर्षं ऊन न पाहिलेली माती उजेडात येई.

“नुसत्या सोडल्या की झालं, असं वाटतं लोकांना,” तो कुंपण सरकवताना म्हणायचा. “रोज किती जागा द्यायची, ते खरं काम. जास्त दिली तर आवडीचं तेवढं खातात आणि बाकीचं टाकतात. अगदी माझ्यासारख्या.”

“तुम्ही काय टाकता?”

“कडू भाज्या. आणि… कडक मॅडम, असं वाटलं होतं.”

“वाटलं होतं?”

“आता तेवढं वाटत नाही,” म्हणून तो गाठ मारायला खाली वाकला. त्याचे कान लाल झालेले मात्र मला दिसले.

सकाळी मी पाणी घालत असताना तो गप्प राहायला शिकला. अंजिराभोवती त्यानं विजेचा हलका झटका देणाऱ्या जाळीचं वेगळं कुंपण लावलं, कारण अंजिराची पानं म्हणजे शेळ्यांचा जीव की प्राण. मी आत जाताना खटका बंद करायचा, बाहेर आल्यावर चालू करायचा. पाणी घालून मी बाहेर आले, की तो खालून एवढंच विचारायचा, “लावला?” आणि मी मान हलवायची. दिवसातला माझा पहिला संवाद.

कळपात एक म्हातारी शेळी होती, तिला तो तपासनीस म्हणायचा. रोज सकाळी ती प्रत्येक जाळीला नाक लावून बघायची. “एक दिवस विसरलात ना, तर ही आधी नोंद घेईल,” तो मला चिडवायचा.

तो एक दिवस आलाच. बारीक भुरभूर चालू होती. तो खाली अकराव्या पायरीवर उभा होता, केसांवर पावसाचे मणी, हातात लंगडणारं करडू धरलेलं. त्याच्या पायातला काटा काढताना तो त्याच्याशी काहीतरी पुटपुटत होता… मी बघतच राहिले. त्यानं वर पाहून विचारलं. काय विचारलं, ते माझ्या कानापर्यंत आलंच नाही. मी मान हलवली.

दुपारी कचेरीत निरोप आला. धावत गेले. अंजिराला एक पान उरलं नव्हतं. बुंध्याची साल ओरबाडलेली, आणि तपासनीस शेजारी बसून शांतपणे रवंथ करत होती. साहेबही तिथंच होते.

“सरकारी झाड आहे हे! उद्या सकाळी कळप हलवा. परवा फवारणी.”

मी तोंड उघडणार, तोच तो पुढं झाला. “चूक माझी, साहेब. कुंपण तपासायचं काम माझं.”

त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

घरी ताट तसंच बाजूला सारलं. आईला सगळं सांगितलं आणि विचारलं, “आई, पाणी घालताना बोलायचं नाही, असं बाबांनी का गं सांगितलं होतं?”

आई इतक्या दिवसांनी खळखळून हसली. “अगं, तू लहानपणी बादली ओतताना इतकी बडबडायचीस, की सगळं पाणी रस्त्यावर! लक्ष राहावं म्हणून सांगितलं त्यांनी. तू त्याचा नेम केलास, तेही छानच. पण मूळ गोष्ट लक्षाची.”

म्हणजे माझा नेम केव्हाच मोडला होता. न ऐकता मान हलवली, तेव्हाच.

सकाळी हात जोडले आणि बादल्या घेऊन निघाले. अंजिराचा बुंधा बोटांनी चाचपला. नदीकडच्या बाजूनं हाताएवढी साल शाबूत होती. पहिली बादली ओतत होते, तेवढ्यात साहेब कागद घेऊन आले. चूक कबूल असल्याचं त्याला लिहून द्यायचं होतं. खाली शेळ्या ओळीनं उभ्या, कुत्री पुढं. त्यानं पेन उघडलं.

“साहेब, थांबा.”

तो दचकला. भरभर माझ्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, “अहो, अजून दुसरी बादली बाकी आहे तुमची…”

हातचं काम जात होतं त्याचं, आणि हा माझी बादली मोजत होता!

“असू दे,” मी म्हटलं. “साहेब, खटका मी बंद ठेवला. यांनी विचारलं, मी न ऐकताच मान हलवली. लिहून घ्यायचं तर माझ्याकडून घ्या. झाड जगेल, एका बाजूची साल शिल्लक आहे. माझ्या चुकीसाठी नदीत औषध नका सोडू. आणि… एकदा खाली बघा तरी.”

साहेबांनी पाहिलं. बावीस पायऱ्या उघड्या पडल्या होत्या, धुतल्यासारख्या. ते एक पायरी उतरले. मग दुसरी.

“शाळा बुडवून इथूनच पोहायला जायचो आम्ही,” ते स्वतःशीच म्हणाले. मग घसा खाकरून, “महिना पुरा करा. आणि त्या खटक्याला घंटा बसवा. मान हलवण्यावर विभाग चालत नाही.”

महिना संपला तेव्हा चौसष्ट पायऱ्या नदीत उतरत होत्या. पलीकडच्या वस्तीतल्या बायका होडीतून येऊन इतक्या वर्षांनी पहिल्यांदा वर आल्या आणि शेळ्यांच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

निघायच्या दिवशी सकाळी त्यानं खाली जाळी गुंडाळून ठेवली आणि वर आला. मी दुसरी बादली ओतत होते. तो शेजारी उकिडवा बसला.

“आता तू बोलू नकोस,” तो म्हणाला. पहिल्यांदाच ‘तू’. “बोलणार नाहीस म्हणूनच आत्ता बोलतोय. मुळं जिवंत आहेत खाली, झुडपं पुन्हा फुटणार. फुटवा बोटभर झाला की दुसऱ्यांदा शेळ्या चाराव्या लागतात. मी रेल्वेच्या भरावावर असेन, इथून तीन तास. फोन करू नकोस, साहेबांचं पत्रही नको. तू स्वतः येऊन सांग. मी कळप घेऊन येईन. आणि… आलो की मग माझा मुक्काम फक्त उतारासाठी नसेल. चालेल?”

पाण्याची धार मुळाशी पोचेपर्यंत मी थांबले. मग त्याच्या डोळ्यांत बघून मान हलवली.

“ऐकलंस ना या वेळी?”

मी पुन्हा हलवली. जोरात. तपासनीसनं माझ्या स्वेटरचं उरलेलं बटण तेवढ्यात खाऊन टाकलं.

दिवस गेले. मी रोज उतारावर जायची, नव्या फुटव्याला बोट लावून मोजायची. एक पेर. दीड पेर. अंजिरालाही शाबूत बाजूनं तीन पानं आली, बाळाच्या तळव्यासारखी.

आज सकाळी दोन्ही बादल्या घालून झाल्या. पायऱ्यांच्या कडेचा एक कोंब बोटाशी धरून पाहिला. नखाच्या टोकापर्यंत आला होता. तो मी अलगद खुडला आणि रुमालात गुंडाळला.

नेम संपला होता, बोलायला मोकळी होते. पण घरी येऊन मी नुसता रुमाल उघडून दाखवला. आईनं कोंब पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता जेवणाचा डबा घट्ट झाकण लावून माझ्या हातात दिला.

तिकिटासाठी गावाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून घेतलंय. आजचा पहिला शब्द मला वाटेत कुणावर खर्च करायचा नाही.

स्वेटरला नवी बटणं लावली आहेत. पायात चपला सरकवल्या, दार हळूच ओढून घेतलं, आणि बसथांब्याकडे चालू लागले.