आठ सोमवारांची हजेरी

वामन विठोबा रसाळ हे गैरहजर असल्याचा कागद बुधवारी दुपारी आला, आणि त्या वेळी वामनराव मिरजेच्या हजेरी केंद्रात चौदा नंबरच्या खाटेवर शांत पडलेले होते. श्वासाच्या यंत्राबरोबर छाती वर-खाली होत होती. दाढी वाढत होती, नखं वाढत होती. परवाच त्यांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, ती कापली होती. कागदाचं म्हणणं मात्र असं, की हा माणूस इथे नाही.

“मग नखं काय तुझी कापली होय मी?” सुभद्राबाईंनी कागद घेऊन आलेल्या कारकुनाला विचारलं. तो बिचारा पोचपावतीवर सही घेऊन सटकला.

त्या काळी अशा कागदांचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. मेंदूला मार बसून महिनोन्‌महिने बेशुद्ध असलेल्या माणसांना यंत्रं जगवत ठेवायची, आणि घरच्यांना एकच प्रश्न कुरतडत राहायचा: आत कुणी आहे का? पूर्वी यावर डॉक्टर मान हलवायचे आणि घरचे नवस बोलायचे. मग हजेरी चाचणी निघाली. रुग्णाला मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात सरकवायचं आणि कानात दोन आवाज सोडायचे, एक घरच्या माणसाचा, एक परक्याचा. शब्द दोघांचे तेच. आवाज ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात त्या वेळी किती रक्त धावतं ते मोजायचं. त्या मोजमापाला ‘ओळख-आकडा’ म्हणत. आपल्या माणसाच्या आवाजाला आकडा खात्रीने जास्त आला तर रुग्ण हजर, आणि सरकार त्याला शेवटपर्यंत सांभाळणार. नाही आला तर गैरहजर. मग सात दिवसांत कुणी सकारण हरकत घेतली नाही, तर यंत्र बंद.

चाचणी आठ सोमवार चालायची. “सोळा सोमवार ऐकले होते, हे आठ कुठले?” असं सुभद्राबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

संशय त्यांच्या हाडीमाशी होता. पस्तीस वर्षं नवऱ्याबरोबर लाँड्री चालवलेली बाई. गिऱ्हाईक ‘बटण आधीच तुटलं होतं’ म्हणालं, की त्या आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायच्या आणि मग बटणाकडे. केंद्रात आल्यापासून त्यांना जिथे तिथे पाणी मुरताना दिसत होतं. खाटेवरची चादर बदलली की नुसती झटकून परत घातली, हे कळावं म्हणून त्यांनी कोपऱ्यात लाल दोऱ्याचा टाका घातला होता. कानातल्या यंत्रात आपलाच आवाज वाजतो ना, हे त्यांनी दोनदा स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. “आज सोमवार. नळाला पाणी आलंय. उठा.” एवढंच वाक्य. तेच वाक्य परकी बाई म्हणायला लागली, तेव्हा त्यांना संतापच आला. माझ्या नवऱ्याला उठा म्हणणारी ही कोण टिकोजीराव?

आणि आता हा कागद. बाहेर खाटांसाठी रांग लागलेली, आणि बरोबर आपलाच माणूस गैरहजर! सुभद्राबाईंनी पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्या आकडेतज्ज्ञ डॉ. विभावरी शिरगुप्पे यांच्या खोलीत जाऊन बसल्या.

शिरगुप्पे मॅडम चाळिशीच्या, अंगाने बारीक, बोलायला मऊ. मऊ बोलणाऱ्यांवर तर सुभद्राबाईंचा काडीचा भरवसा नव्हता.

“मावशी, हरकत घ्यायचा तुम्हाला हक्क आहे,” मॅडम म्हणाल्या, “पण कारण लिहावं लागेल. ‘विश्वास नाही’ हे कारण धरत नाहीत.”

“मग मला समजावून सांगा. यंत्रानं काय बघितलं आणि तुम्ही काय ठरवलं. मी सातवी शिकलेय, पण पस्तीस वर्षं कपड्यांचा हिशेब चुकला नाही माझा.”

मॅडमना नाही म्हणता आलं असतं. त्यांनी कोरा कागद घेतला, त्याच्या सोळा चिठ्ठ्या फाडल्या आणि पडद्यावर बघून एकेक आकडा लिहू लागल्या.

“हे बघा. पहिला सोमवार. तुमच्या आवाजाला एकेचाळीस, परक्या आवाजाला अडतीस. दुसरा सोमवार, त्यांना ताप होता. तुम्हाला बारा, परकीला दहा. तिसरा, सदुसष्ट आणि त्रेसष्ट.” असे आठही सोमवार टेबलावर जोडीजोडीने मांडून झाले. “तुमच्या आठ चिठ्ठ्यांची बेरीज तीनशे चार. परकीची दोनशे ब्याऐंशी.”

“मग माझी जास्त आहे की!”

“आहे. बावीसनं. पण ती बावीस ओळखीमुळे आली की अशीच योगायोगानं? ते ठरवायला आम्ही पिसणी करतो.” पत्ते पिसावेत तसं म्हणून केंद्रात या रीतीला पिसणी म्हणत. “समजा, आत कुणी नाही. मग आवाज आपला की परका, त्यानं काहीच फरक पडायला नको. चिठ्ठीवरचं नाव हे नुसतंच नाव. ते कुठेही लावलं तरी चालेल. म्हणून सगळ्या चिठ्ठ्या पिसायच्या, आठ तुमच्या म्हणायच्या, आठ परकीच्या म्हणायच्या आणि पुन्हा बेरीज करायची. असं हजारो वेळा. नुसत्या पिसण्यानंच बावीसचा फरक वरचेवर येत असेल, तर आपल्या बावीसला काय किंमत? शंभरात पाचांहून कमी वेळा येत असेल, तर आम्ही म्हणतो, हा योगायोग नव्हे. तुमच्या मालकांच्या बाबतीत तो शंभरातल्या चाळीसेक वेळा येतो.”

बोलता बोलता मॅडमनी सोळाच्या सोळा चिठ्ठ्या ओंजळीत गोळा केल्या, खुळखुळवल्या आणि टेबलावर दोन ढीग टाकले. सुभद्राबाई एकदम पुढे झुकल्या.

“अहो, हे काय केलंत?”

“काय झालं?”

“तापाच्या दिवसाची चिठ्ठी बऱ्या दिवसाच्या चिठ्ठ्यांत मिसळलीत!”

“पिसणी म्हणजे तेच ना, मावशी.”

“तेच कसं?” सुभद्राबाईंचा आवाज चढला. “ऐका माझं. बाजारात नवी पावडर आली की आम्ही ती पारखायचो. कशी? एकाच घरच्या दोन खोळी घ्यायच्या, एकाच दिवशी मळलेल्या. एक जुन्या पावडरीत, एक नव्या. मग दुसऱ्या घरच्या दोन, तिसऱ्या घरच्या दोन. प्रत्येक घरच्या जोडीत बघायचं, कुठली उजळली. पाटलांच्या घरची नवीकोरी खोळ आणि शाळेच्या वसतिगृहातली दहा वर्षांची खोळ एका ढिगात टाकून पावडर कधी कळेल का? खोळीखोळीतला फरकच एवढा, की पावडरीचा फरक त्यात बुडून जाणार! ज्या गठ्ठ्यातलं, त्याच गठ्ठ्यात राहिलं पाहिजे. लाँड्रीतला पहिला धडा आहे हा.”

सुभद्राबाईंना वाटलं, आता ही बाई गोड हसून आपल्याला वाटेला लावणार. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठ्या पुन्हा जोडीजोडीने लावल्या. एकेचाळीस-अडतीस. बारा-दहा. सदुसष्ट-त्रेसष्ट. नऊ-आठ. आठही सोमवार. आठही वेळा वामनरावांच्या मेंदूने बायकोच्या आवाजाला थोडं जास्तच उत्तर दिलं होतं. एकदाही उलटं नाही.

“पूर्वी चाचणी एकाच बैठकीत व्हायची,” मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. “सोळा आवाज, एकच दिवस. तेव्हा सगळं मिळून पिसणं बरोबरच होतं. मग मीच सुचवलं, की एका वाईट दिवसावरून कुणाचा निकाल नको, आठ आठवडे द्या. तेवढाच रुग्णाला फायदा. आणि पिसणीचा प्रोग्रॅम... तो मंजूर झालेला प्रोग्रॅम होता. त्याला हात लावायचा नाही, असा नियम आहे. आम्ही कुणीच लावला नाही.”

“मग आता लावा.”

मॅडमनी लावला. आता नावांची अदलाबदल फक्त त्या त्या सोमवारच्या जोडीत होत होती. आठ जोड्या, प्रत्येकीत दोनच शक्यता. सगळे मिळून दोनशे छप्पन्न प्रकार. त्या दोनशे छप्पन्नांत बावीसचा फरक एकदाच येत होता. खरा होता तसा, एकदाच.

“मावशी,” मॅडम म्हणाल्या, “ते हजर आहेत. तुमचा आवाज ओळखतात.”

सुभद्राबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि त्या हमसून हमसून रडल्या. किती वेळ रडल्या त्यांचं त्यांना कळलं नाही. अकरा आठवडे त्या माणसाशी त्या बोलत होत्या, आणि आपण वेड्यासारखं भिंतीशी तर बोलत नाही ना, ही भीती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. मग डोळे पुसले, आणि पुसता पुसताच जुना स्वभाव जागा झाला.

“आणि बाकीचे?”

मॅडमनी तो प्रश्न आधीच यंत्राला घातलेला होता. आठ सोमवारांची पद्धत सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. तेवढ्या काळात तीनशे अकरा जण गैरहजर ठरले होते. त्यांचे जुने आकडे नव्या पिसणीतून जात होते आणि पडद्यावर एकेक नाव उमटत होतं. यादी थांबली तेव्हा नावं त्रेचाळीस झाली होती.

“ह्यांची यंत्रं...?”

“बंद केली. सगळ्यांची.”

सुभद्राबाई यादी वाचत गेल्या. शेवटून तिसरं नाव त्यांच्या ओळखीचं होतं. आक्काताई हिंदुराव चौगुले. पंधरा नंबरची खाट, वामनरावांच्या शेजारची. गेल्याच महिन्यात रिकामी झाली होती. तिचा नवरा हिंदुराव रोज तासगावहून यायचा, आणि सुभद्राबाईंच्या थर्मासमधला चहा दोघं वाटून प्यायचे.

“मी आजच वर कळवते आहे,” मॅडम म्हणाल्या. “आठवड्याभरात घरोघर पत्रं जातील. पण मावशी, पत्रात लिहू काय? तुमचं माणूस आत होतं, ऐकत होतं, आणि आम्ही...”

“तेच लिहायचं!” सुभद्राबाई कडाडल्या. “झाकूनपाकून काही नाही. खरं ते खरं. लोकांना कळायला नको होय? तुम्ही नाही लिहिलंत तर मी सांगेन, एकेकाच्या दारात जाऊन.”

“बरं,” मॅडम म्हणाल्या.

शुक्रवारी वामनराव हजर असल्याचा कागद आला. सुभद्राबाईंनी तो नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला, शिक्क्यासकट. मग सगळ्या बातम्या सांगितल्या: इस्त्रीची वायर बदलली, दोन घरचे पडदे द्यायचे राहिलेत, आणि त्या मऊ बोलणाऱ्या मॅडम वाटल्या होत्या तशा नाहीत. आता बोलण्यात मजा वेगळीच होती. ऐकणारा आहे म्हटल्यावर त्यांनी दोन-चार जुनी भांडणंही उकरून काढली.

शनिवारी दुपारी खाटेशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. हिंदुराव. बायकोच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल न्यायला आला होता. महिन्यात माणूस निम्मा झाला होता; सदरा खांद्यावरून ओघळत होता.

“वहिनी, कळलं. वामनराव हजर निघाले. फार बरं झालं.” त्याने हात जोडले. मग पंधरा नंबरच्या खाटेकडे बघत तो उगाच उभा राहिला. तिथे आता दुसरंच कुणी होतं.

“बसा की भाऊ. चहा आहे.”

तो बसला. पेला हातात तसाच राहिला.

“एक विचारू, वहिनी? तुम्ही सगळं खोदून खोदून विचारता, तुम्हाला ठाऊक असेल. आमच्या घरचा कागद आला ना, त्यानंतर मी इथं आलोच नाही. सात दिवस. म्हटलं, ती नाहीच, तर जाऊन काय उपयोग? शेवटच्या दिवशीही नाही आलो. तिला बंद केलं तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. ती नव्हतीच ना आत? यंत्राला कळतं ना बरोबर? रात्री झोप लागत नाही हो. वाटतं, ती माझी वाट बघत असली तर?”

सुभद्राबाईंनी तोंड उघडलं. खरं ते खरं. परवाच त्या गरजल्या होत्या, आणि ज्याच्या दारात जायचं तो माणूसच आपल्या पायांनी चालून आला होता. आठवड्याभरात पत्र येणारच होतं. आज नाही तर उद्या त्याला कळणार, आणि मग तो म्हणेल, वहिनी, तुम्हीसुद्धा!

हिंदुराव त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

“नव्हत्या, भाऊ,” त्या म्हणाल्या. “आक्काताई केव्हाच गेल्या होत्या. मी स्वतः मॅडमकडे बसून सगळं समजून घेतलंय. यंत्राला बरोबर कळतं. इथं नुसती कुडी होती.”

“देवाशपथ?”

“देवाशपथ.”

हिंदुरावाने डोळे मिटले. मग चहा प्यायला, एका दमात, आणि पेला खाली ठेवताना त्याचा हात स्थिर होता. “आज झोप लागंल बघा,” तो म्हणाला. जाताना त्याने वामनरावांच्या पायाला हात लावून नमस्कार केला.

तो गेल्यावर सुभद्राबाई सवयीने खाटेकडे वळल्या. अकरा आठवडे जे काही घडलं, ते त्यांनी इथेच येऊन सांगितलं होतं. वामनराव होते तसेच पडलेले होते, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर काही नाही. लाँड्रीत कुणी खोटं बोललं की हा माणूस मान खाली घालून इस्त्री फिरवत राहायचा. ओरडायचा नाही, पण त्या दिवशी जेवायचाही नाही.

“अहो,” त्या म्हणाल्या, आणि पुढे त्यांना शब्दच सुचेना. पाच मिनिटांपुरते तरी हे गैरहजर असते तर किती बरं झालं असतं, असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला.