पाऊण तासाचं अंतर

"आर्क्टिक बेला जायला किती वेळ लागतो?" त्यानं काउंटरवर कोपर टेकत विचारलं.

"विमानानं पाऊण तास," मी म्हणाले. "विमान आलं तर."

"आणि नाही आलं तर?"

"तर... मला आणखी चहा करावा लागेल."

कॅनडाच्या उत्तर टोकाला, पाँड इनलेटच्या विमानतळावर मी तिकिटं बघते, सामान तोलते आणि हवा बिघडली की सगळ्यांची बोलणी खाते. त्या मार्चमध्ये सलग तीन दिवस वादळ होतं. बाकीचे प्रवासी ओळखीपाळखीच्या घरी जाऊन झोपले. काउंटरवर कोपर टेकणारा हा कालुक मात्र रोज सकाळी हजर! आर्क्टिक बेचा मेकॅनिक, इथं मावशीला भेटायला आलेला.

"विमान रद्द आहे, हे फोनवरही सांगितलं असतं की," तिसऱ्या दिवशी मी म्हणाले.

"फोनवर तुझी खळी दिसत नाही, लीतिया—" तो बोलून गेला, आणि आपल्याच धिटाईनं कानापर्यंत लाल झाला.

चौथ्या दिवशी आभाळ निवळलं. निरभ्र आभाळाचा मला आयुष्यात पहिल्यांदाच राग आला.

मग रोज फोन. कधी गप्पा, कधी नुसतेच दोघांचे श्वास. आणि मे महिन्यात एकदा तो अडखळत म्हणाला, "ओटावाला नोकरी मिळतेय. सोमवारी निघायचंय. तू... काही म्हणशील?"

"चांगलं आहे की," मी म्हणाले. फोन ठेवला आणि ओठ चावत बसले.

मनातलं असं फोनवर सांगायचं नसतं. आर्क्टिक बेचं शुक्रवारचं तिकीट मी स्वतःच काढलं. शुक्रवारी धुकं. विमान रद्द. प्रवाशांच्या यादीतलं माझं नाव मी माझ्याच हातानं खोडलं.

एनुकी मामा घरासमोर बर्फावर चालणारी त्यांची स्नोमोबाईल पुसत होते.

"मामा, मला आर्क्टिक बेला न्या."

"वेड लागलंय का? दोन दिवस लागतात!"

"म्हणूनच आत्ता निघायला हवं."

मामांनी मला निरखलं. "पोरगा कसा आहे?"

"तीन दिवस माझा चहा प्यायलाय."

"मग निभावेल," म्हणत त्यांनी गाडीत पेट्रोल भरलं.

आमच्याकडच्या मे महिन्यात सूर्य मावळतच नव्हता. दुसऱ्या दिवशी गोठलेल्या समुद्राच्या बर्फात रुंद भेग आडवी आली, खाली काळं पाणी. "परत फिरू या," मामा म्हणाले. मी नकारार्थी मान हलवली. भेगेच्या कडेकडेनं आम्ही चार तास गेलो, तेव्हा कुठे ओलांडण्याजोगी जागा सापडली.

रविवारी संध्याकाळी पोचलो. कालुक दाराबाहेर बॅग बांधत होता. मला बघून उठलाच. "विमान तर... रद्द—"

दोन दिवस घोकलेली वाक्यं मी साफ विसरले. "जाऊ नकोस. म्हणजे... जा हवं तर. पण माझं तुझ्यावर प्रेम आहे, एवढं ऐकून जा!"

बॅग त्याच्या हातातून सुटली. आमच्याकडे मुका घेतात तसं, उन्हानं भाजलेल्या माझ्या गालाला नाक टेकून त्यानं खोल श्वास घेतला. "हेच ऐकायचं होतं गं, वेडे," तो पुटपुटला. "ओटावाला आजच नाही म्हणून कळवतो."

दारातून त्याची आई सगळं बघत होती. ती आत गेली, आणि तिनं गावच्या रेडिओ केंद्राला फोन लावला. क्षणभरात घराघरांतल्या रेडिओवरून तिचा आवाज घुमला—

"पाँड इनलेटहून माझी सून आलीय. बर्फावरून! सगळ्यांनी चहाला या."

अर्ध्या तासात उंबऱ्याशी बूट ठेवायला जागा उरली नाही.