खंडू अजून उतरलेला नाही

२०२३ साल. आषाढ महिना. तळवड्याचं आयटी पार्क. वेळ भर दुपारची.

दुपार म्हटलं की लोक हसतात. भुतं काय दुपारी येतात होय?

येतात.

ही गोष्ट कुठून उडत आलेली नाही. जिच्यावर गुदरली ती विजयश्री आमच्या कासारवाडीत, आमच्याच आळीत वाढली. तिच्या तोंडून ऐकली आहे, आणि ऐकताना समोरचा चहा गार झाला होता.

पूर्वी या पट्ट्यात काम म्हणजे कंपनीचा भोंगा, तेलकट हात आणि सायकलींची रांग. भोंगा वाजला की बायका तवा ठेवायच्या. आता काम डोळ्यांना दिसतच नाही. विजयश्रीचं काम काचेच्या इमारतीत बसून वारा राखायचं. साताऱ्याकडच्या एका पठारावर पवनचक्क्या, आणि त्यांची राखण इथे तळवड्यात, एका मोठ्या पडद्यावर.

पन्नास चक्क्या. एकेकीची ताकद दोन मेगावॅट. सगळ्या मिळून शंभर.

शिफ्टचे प्रमुख गणराज सर नव्या पोरांना भिंतीवरचा जगाचा नकाशा दाखवायचे.

"हे चीनचं गान्सू. वीस हजार मेगावॅटचा बेत आहे त्यांचा. म्हणजे दहा कोयना! हे आपलं मुप्पंदल, कन्याकुमारीकडे, दीड हजार. हे जैसलमेर, हजाराच्या वर. आणि आपण? शंभर! तेव्हा राव, त्या शंभरातला एकही वाया घालवायचा नाही."

त्या कामाचा एक नियम होता.

चक्कीवर चढण्याआधी कारागिराने फोन करून सांगायचं, "चढतोय." मग इथून ती चक्की थांबवायची आणि पडद्यावर तिच्या ठिपक्याला लाल खूण लावायची. काम संपवून तो खाली आला की त्यानेच सांगायचं, "उतरलो." त्यानेच. दुसऱ्या कोणी सांगून चालत नाही. मगच खूण काढायची आणि चक्की सोडायची.

पण वरून शिडी उतरायला बराच वेळ जातो. आषाढातला वारा तेवढा वेळ फुकट जातो. म्हणून पोरं वरूनच सांगून टाकायची… "उतरलो."

तसं त्यात काही बिघडत नव्हतं. माणूस शिडीवर असताना पाती फिरली तर काही होत नाही.

तो वर, पात्यांच्या मधल्या पोकळीत असताना फिरली, तर…

चाकणजवळच्या एका गावातला खंडू असाच वरून "उतरलो" म्हणाला होता. मग आत काहीतरी राहिलं म्हणून परत शिरला. इथे रश्मी नावाची मुलगी बसायची. तिने नियमाप्रमाणे सत्तावीस नंबर सोडली.

पाती फिरली. कुठेतरी काहीतरी अडकलं, घासलं, आग लागली. चक्की वरच्या वर जळून गेली.

खाली आणण्यासारखं काही उरलं नाही.

पुढे जळका मनोराही कापून नेला. जागेवर नुसता सिमेंटचा ओटा राहिला. पडद्यावर मात्र सत्तावीसचा करडा ठिपका तसाच होता. तो पुसायला कोणाला सवड झाली नव्हती.

रश्मीने नोकरी सोडली. तिच्या खुर्चीवर विजयश्री आली. जाताना रश्मी तिला एवढंच म्हणाली, "सत्तावीसवरून फोन आला तर घे हं. मला कधी धीर झाला नाही."

विजयश्रीला वाटलं, बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. जिथे चक्कीच नाही, तिथून फोन कसला?

वर्ष गेलं.

त्या दुपारी पठारावर वारा नुसता उधळला होता. सत्तावीस सोडून सगळे ठिपके हिरवेगार. गणराज सर खुशीत हात चोळत होते. तेवढ्यात फोन आला.

"कंट्रोल, प्रज्वल बोलतोय. अठ्ठावीसवर चढतोय."

प्रज्वल विजयश्रीचा धाकटा भाऊ. आई गेल्यापासून तिनेच वाढवलेला. पठारावर कारागीर म्हणून लागून सहाच महिने झाले होते.

"चढा प्रज्वलराव. जोडीदार कुठाय?"

"रजेवर. आणि ताई, राव म्हणू नकोस. इथली पोरं चिडवतात."

"एकट्याने चढायचं नसतं, गाढवा."

"सेन्सरच बदलायचाय. हा गेलो, हा आलो. रविवारी येतोय, दोडका सोडून काहीही कर."

तिने अठ्ठावीस थांबवली. लाल खूण लावली.

मग तिची नजर आकड्यावर गेली…

सत्तावीस जळालेली, अठ्ठावीस थांबलेली. राहिल्या अठ्ठेचाळीस. कितीही वारा सुटला तरी शहाण्णवच्या वर आकडा जाणार नाही. रांजणात मावेल तेवढंच पाणी.

आकडा अठ्ठ्याण्णव होता.

"सर, दोन जास्त दाखवतंय."

"मीटर चुकत असेल," गणराज सर म्हणाले. "जास्तच आहे ना? मग ओरडतेस कशाला?"

तिने एकेक ठिपका पाहिला. हिरवा, हिरवा, हिरवा…

सत्तावीसचा करडा ठिपका. त्याच्याखाली आकडा होता. दोन.

ती सरांना पुन्हा हाक मारणार… तेवढ्यात मोबाइल वाजला. तिने स्पीकरवर घेतला.

"ताई, अठ्ठावीस. उतरलो. सोड."

प्रज्वलचाच आवाज. घाईतला. तिने माउस खुणेवर नेला. बोट दाबणार…

टेबलावरचा दुसरा फोन वाजला.

प्रत्येक चक्कीच्या पायथ्याशी एक फोन असतो. तिथून कोणी बोललं की चक्कीचा नंबर इथे दिसतो.

नंबर होता २७.

विजयश्रीला रश्मीचे शब्द आठवले. तिने फोन उचलला.

आधी नुसता वारा. मग पातं जवळून गेल्यासारखा आवाज. सूंऽऽ… सूंऽऽ… सूंऽऽ…

मग एक थकलेला, पुरुषी आवाज.

"उतरलो न्हाई."

"कोण बोलतंय?"

"म्या अजून उतरलो न्हाई. मशीन सोडू नगा."

फोन बंद.

"विजयश्री, अठ्ठावीस का थांबलीय?" मागून सर ओरडले. "वारा बघ कसा सुटलाय!"

"सर, तो उतरलेला नाही."

"आत्ताच म्हणाला ना? मी ऐकलं."

तिने फोनकडे बोट केलं. सरांनी नंबर पाहिला. क्षणभर त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण लगेच सावरून म्हणाले, "लाइनचा बिघाड. सरक, मी सोडतो."

त्यांनी हात पुढे केला. तिने माउसवर पंजा घट्ट दाबून धरला.

"माझा भाऊ वर आहे, सर. नोकरी घ्या माझी. याला हात लावायचा नाही."

ती प्रज्वलला फोन लावत राहिली. घंटा वाजत होती. उचलत कोणी नव्हतं.

आणि मग उचलला.

"ताई…" त्याला धाप लागली होती. "टॉर्च राहिली होती आत. एका मिनिटाचं काम म्हणून शिरलो. पाती अडवायची खीळ काढून ठेवली होती, ती परत घातलीच नाही. तू सोडलं असतंस तर…"

तिने लाल खूण जागेवर आहे ना, ते पुन्हा पाहिलं.

"आता शिडीवर आहे. ताई, तू कोणाला पाठवलंस का?"

"नाही. का रे?"

"माझ्या खाली कोणीतरी आहे. मी एक पायरी उतरलो की तोही उतरतो. मी थांबलो…" तो जागीच थांबला. "की थांबतो."

"प्रज्वल, खाली बघू नकोस. फोन चालू ठेव आणि उतर."

कानात फक्त लोखंडावर पाय पडल्याचे आवाज. एकाचे… आणि दुसऱ्याचे.

किती वेळ गेला कोण जाणे.

"उतरलो, ताई. आईशप्पथ, खरंच उतरलो. दाराबाहेर उभा आहे."

"आणि तो?"

मनोऱ्याचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"तो शेवटच्या पायरीपर्यंत आला होता. मग माझ्या अंगाला घासून परत वर गेला. दिसलं काहीच नाही. नुसतं गार लागलं."

विजयश्रीने पडद्याकडे पाहिलं. आकडा शहाण्णव झाला होता.

महिनाभराने ती पेढे घेऊन खंडूच्या आईकडे गेली. छबूबाई ओसरीवर बसल्या होत्या. समोर एके काळची बाजरीची शेतं, आता नुसती गोदामं. विजयश्रीने सगळं सांगितलं आणि हात जोडले. "तुमच्या खंडूने माझा भाऊ वाचवला, मावशी."

म्हातारीने पेढ्याला हात लावला नाही.

"न्हाई गं पोरी. त्यो कुनाला वाचवाया न्हाई आला," त्या म्हणाल्या. "त्यो सोताचंच सांगतोय. तुमी ऐकलं आत्ता."

विजयश्री दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि सत्तावीसच्या करड्या ठिपक्याला लाल खूण लावली.

प्रज्वलने ती नोकरी सोडली. आता चाकणला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. खोलीसुद्धा तळमजल्याची घेतली आहे. शिडी दिसली की लांबून जातो. गणराज सर जैसलमेरकडे बदलून गेले. रश्मीचं लग्न झालं, नाशिकला असते. तिच्या घरात फोनची घंटा कायम बंद असते म्हणतात. छबूबाई गेल्या वर्षी वारल्या. त्यांनी शेवटपर्यंत मुलाचं श्राद्ध घालू दिलं नाही. भावकीने विषय काढला की म्हणायच्या, "खाली आल्यावर बघू."

विजयश्री अजून तिथेच आहे. सत्तावीसची खूण कोणाला काढू देत नाही. नवी पोरं चेष्टा करतात. "मॅडम, चक्कीच नाही तर खूण कसली?"

"त्याचा उतरल्याचा फोन आलेला नाही अजून," ती सांगते.

एरवी फोन येतोच. आषाढातल्या दुपारी, वारा सुटला की. ती उचलते. सूंऽऽ… सूंऽऽ… आणि तेच शब्द. उतरलो न्हाई. ती "बरं" म्हणते आणि ठेवते.

परवा माझ्याकडे चहा घेऊन निघाली, तेव्हा जिना उतरता उतरता ती मध्येच थांबली.

"आत्या," ती मला म्हणाली, "नियम असा आहे, की उतरलेल्यानेच सांगायचं आणि मग आपण सोडायचं. समजा एक दिवस तो म्हणाला, उतरलो…"

"मग?"

"मग मी काय सोडायचं?"