उंदरांनी खाल्लेलं लुगडं

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही गोष्ट रिठदमध्ये खरोखर घडलीय, आणि तीही भर दुपारी. जिच्याबाबतीत घडली ती रूपाली माझी सख्खी मावसबहीण.

तिला जुन्या कपड्यांचं भारी वेड. रिसोडच्या कॉलेजात पोरी जीन्स घालून यायच्या, अन् ही बाई फुग्याच्या बाह्यांचं झंपर घालून. हसणारे हसायचे.

"जुनं घातलं का मी मले सापडते," म्हणायची.

तिची थोरली काकू चंपाबाई. रूपाली तिला मोठी माय म्हणायची. तिनं लग्नातलं हिरवं लुगडं पेटीत जपलं होतं.

"रूपे, मी गेली का मले हेच नेसवजो."

म्हातारीचं मागणं तेवढंच.

ती गेली. तिचे मालक जगदेव म्हणाले, "रूपा, लुगडं आन."

रूपाली आत गेली. लुगडं हातात घेतलं... आणि सोडवेना. पिशवीत कोंबून ती रिकाम्या हातानं बाहेर आली.

"उंदरानं कुरतडलं, मोठेबाबा."

दुकानातली साडी नेसवून म्हातारीला नेलं.

पुढे रूपालीनं त्या लुगड्याचा फ्रॉक शिवून आणला. मोठ्या मायच्याच पेटीत लपवला. ती पेटी आता कोण उघडणार?

त्याच दुपारी आवाज आला.

कुर्र... कुर्र...

आधी झंपरला भोकं पडली. मग साड्यांना. नव्या कपड्यांना धक्का नाही, जुनेच तेवढे जात होते. जगदेवांनी सापळ्यात भाकरीचा तुकडा लावला.

सापळा रिकामाच...

"तुया मोठ्या मायचं लुगडं बी या उंदरायनंच खाल्लं," ते म्हणाले. रूपालीला स्वतःची किळस आली.

शेवटी ती त्यांच्यापुढे बसली.

"मी खोटं बोलली, मोठेबाबा. मीच चोरलं. त्याचा फ्रॉक शिवला."

रडत रडत तिनं पेटी उघडली.

आत फ्रॉक नव्हता...

लुगडं होतं. अख्खं नऊवारी, घडी घातलेलं. कात्री नाही, शिवण नाही. आणि पदरापासून काठापर्यंत कुरतडलेलं.

जगदेवांनी ते मांडीवर घेतलं. रूपालीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"कायले सोताले दोष देतं, पोरी? उंदरानंच तं खाल्लं."

आता ती नवेच कपडे घालते. मागच्या आठवड्यात मी गेलो होतो. बोलता बोलता पुन्हा तेच, कुर्र... कुर्र...

आवाज मलाही आला. तिच्या पाठीकडून...

तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"दादा, मोठेबाबानं मले एक शिवी तरी द्याले पाह्यजे होती," एवढंच म्हणाली.